लूकने आधी विचारपूस केली

आजचा शास्त्रपाठ: लूक १:१–४
सोबत वाचा: लूक २:१–७, लूक ३:१–२, प्रेषितांची कृत्ये १:१–३



नाताळ आटोपला. घरावरचा तारा उतरवला, गव्हाणीतलं तणस शेजारच्या गाईला गेलं. आता थोडी उसंत आहे, म्हणून डिसेंबरभर मनात घोळत असलेला एक विषय आज मांडतो. आजचं मनन रोजच्यापेक्षा लांब आहे. चहा घेऊन बसा आणि शास्त्र उघडं ठेवा.

माझा भाचा सेमिनरीत एम.टीएच. करतो. या सत्रात त्यांचा एक परिसंवाद-वर्ग होता. विषय असा, की लूकचं शुभवर्तमान आणि प्रेषितांची कृत्ये ही दोन पुस्तकं त्या काळचं इतिहासलेखन म्हणून कशी वाचायची. टेबलाभोवती आठ-दहा विद्यार्थी. दर आठवड्याला एकाने निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारून हैराण करायचं. शनिवारी रात्री फोन करून तो मला सगळं सांगायचा. आपल्या विदर्भाला हा अभ्यास परका नाही. १९५३ पासून १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी आपल्या यवतमाळलाच होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र त्याचा आवाज वेगळा लागला. म्हणाला, "मामा, पाळकसाहेबांनी मला नाताळचं प्रवचन दिलंय. शास्त्रभाग लूक दोन. आणि आज वर्गात आम्ही नेमका लूक दोन सोडवत होतो. दुसऱ्या वचनाशीच गाडी अडली. आता वेदीजवळ उभा राहून मी काय सांगू? तुम्ही त्यांना सांगा ना, दुसऱ्या कोणाला द्या म्हणून."

मी म्हटलं, "दोन दिवस थांब." त्या दोन दिवसांत मी लूकची पहिली चार वचनं पुन्हा पुन्हा वाचली. तेच आजचं मनन.

लूक स्वतःविषयी काय सांगतो?

सावकाश वाचा. लूक पाच गोष्टी सांगतो.

पहिली: माझ्याआधी पुष्कळांनी हे लिहायला घेतलं आहे. म्हणजे त्याच्या समोर आधीची लिखाणं होती. मार्कचं शुभवर्तमान त्यांतलं एक, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

दुसरी: ज्यांनी सुरुवातीपासून डोळ्यांनी पाहिलं आणि जे वचनाचे सेवक झाले, त्यांनी हे आपल्या हाती दिलं. इथे लूकचा प्रामाणिकपणा पाहा. मी स्वतः पाहिलं, असं तो म्हणत नाही. तो दुसऱ्या पिढीचा माणूस आहे. 'सेवक' म्हणून त्याने जो ग्रीक शब्द घातला, तोच पुढे लूक ४:२० मध्ये येतो. येशूने नासरेथच्या सभास्थानात ग्रंथपट वाचला आणि गुंडाळून ज्या सेवकाच्या हाती दिला, त्याच्यासाठी. ग्रंथ सांभाळून ठेवणं हे त्याचं काम होतं. आपल्या भागात गोंड घराण्यांची वंशावळ आणि देवांच्या कथा वाद्यावर गाऊन सांभाळणारे परधान आहेत. आठवण ठेवणं हीच ज्यांची सेवा, अशी माणसं आपल्याला ठाऊक आहेत. लूकनेही अशाच माणसांचे उंबरे झिजवले.

तिसरी: मी सगळ्याचा मुळापासून, बारकाईने माग काढला.

चौथी: मग ते क्रमाने लिहिलं.

आणि पाचवी: कशासाठी? थियफिल महाराजांना जे शिक्षण मिळालं आहे, ते पक्कं आहे हे त्यांना कळावं म्हणून.

या चार वचनांत स्वप्न नाही, देवदूत नाही, कानात मजकूर सांगणारी वाणी नाही. शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित आहे हे आपण २ तीमथ्य ३:१६ वरून मानतो, मीही मनापासून मानतो. पण पवित्र आत्म्याने लूकची पायपीट वाचवली नाही. त्याने त्या पायपिटीतूनच काम केलं.

त्या काळी इतिहास कसा लिहीत?

आपला 'इतिहास' हा शब्द 'इति-ह-आस' असा फोडतात, म्हणजे 'असं असं घडलं'. ग्रीक शब्द आहे 'हिस्तोरिया', आणि त्याचा मूळ अर्थ 'चौकशी'. हेरोदोतसने इ.स.पूर्व पाचव्या शतकात आपल्या ग्रंथाच्या आरंभीच हा शब्द घातला. ग्रीकांच्या लेखी इतिहासकार म्हणजे मुळात विचारपूस करणारा माणूस.

इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातल्या पोलिबियसने तिमायस नावाच्या इतिहासकाराला चांगलंच धारेवर धरलं आहे. त्याचा आक्षेप असा, की हा गृहस्थ सुमारे पन्नास वर्षं अथेन्समध्ये पुस्तकांत बसून राहिला, जागा पाहिल्या नाहीत, माणसांना विचारलं नाही. आता या कसोटीवर लूकला लावून पाहा. कृत्ये १६:१० मध्ये, त्रोवस इथे, कथा एकदम 'आम्ही' म्हणू लागते. मध्ये तो 'आम्ही' गळतो, विसाव्या अध्यायात फिलिप्पैहून पुन्हा सुरू होतो. हा 'आम्ही' लेखक स्वतः, की त्याच्या हाती आलेली कोणा सोबत्याची टिपणं, यावर वर्गात वाद झडले. मला साधा अर्थ पटतो, लेखक स्वतः तिथे होता. तसं असेल तर एकविसाव्या अध्यायात तो कैसरियात फिलिप्पाच्या घरी उतरला आणि यरुशलेमेच्या वाटेवर म्नासोन नावाच्या फार जुन्या शिष्याकडे राहिला. पुढे पौल कैसरियात दोन वर्षं कैदेत होता (२४:२७), आणि रोमला निघताना 'आम्ही' पुन्हा गलबतावर आहे. मधल्या काळात लूक कोणाकोणाच्या ओट्यावर बसून काय काय विचारत असेल, विचार करा.

भाषणांचं काय? कृत्यांचा जवळजवळ एक तृतीयांश भाग भाषणांचा आहे. तेव्हा टेपरेकॉर्डर नव्हते. थुसिडिडीस स्वतः कबूल करतो की बोललेले शब्द जसेच्या तसे आठवणं कठीण होतं, म्हणून एकंदर आशयाला धरून, त्या प्रसंगी जे बोलायला हवं ते त्याने त्या त्या माणसाच्या तोंडी घातलं. त्या काळी पुष्कळ लेखक असंच करत, आणि वाचकांनाही ते ठाऊक असे.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपल्याकडे बखरी आहेत. कृष्णाजी अनंत सभासद हे शिवरायांच्या पदरी होते. छत्रपती राजारामांनी विचारलं म्हणून त्यांनी १६९७ मध्ये जिंजीला बखर लिहिली. तिच्यातही अफझलखानाच्या प्रसंगी माणसं बोलतात, आणि ते बोलणं तंबूत बसून कोणी टिपून घेतलेलं नाही. लूकनेही एका मोठ्या माणसासाठी लिहिलं. थियफिलला तो 'महाराज' म्हणतो. त्याच शतकात जोसेफस या यहूदी इतिहासकाराने एक ग्रंथ एपाफ्रोदितस नावाच्या माणसाला असंच मानाने संबोधून लिहिला. तोही दोन भागांत, आणि दुसऱ्या भागाच्या तोंडी पहिल्याची आठवण देऊन. कृत्ये १:१ वाचा, तीच रीत.

पुढे इतिहासाचार्य राजवाडे आले. १८९८ मध्ये त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड काढला. बखरींवर त्यांचा विश्वास कमी, अस्सल पत्रांवर जास्त. बखरीतलं साल चुकलं की ते सोडत नसत. त्यांच्यामुळे शिवराय काही लहान झाले नाहीत. लोकांना ते अधिक नीट कळले.

दगडांची साक्ष

चंद्रपूरकरांना वेशीचं महत्त्व सांगायला नको. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर, या चार वेशींतून आपण रोज ये-जा करतो. थेस्सलनीका शहरालाही अशी एक वर्दार वेस होती. कृत्ये १७:६ मध्ये त्या शहराच्या अधिकाऱ्यांसाठी लूक 'पोलितार्ख' असा शब्द वापरतो. हाती असलेल्या जुन्या ग्रीक ग्रंथांत हे पदनाम कुठे सापडेना. मग त्या वेशीवरच्याच एका शिलालेखात 'पोलितार्ख' सापडले, नावानिशी. तो दगड आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मासेदोनियात असे आणखीही लेख मिळाले. गावच्या अधिकाऱ्याला त्या गावात काय म्हणतात, हे लूकला बरोबर ठाऊक होतं. तहसीलदाराला कोणी मामलेदार म्हटलं तर तो माणूस कुठला आणि कधीचा हे आपल्याला कळतंच ना!

दुसरा दगड डेल्फीचा. कृत्ये १८:१२ मध्ये पौलाला करिंथ इथे गल्लियो सुभेदारापुढे उभं करतात. हा गल्लियो म्हणजे सेनेका या तत्त्ववेत्त्याचा भाऊ. डेल्फीला क्लौद्य कैसराच्या एका पत्राचे तुकडे दगडावर कोरलेले मिळाले आणि १९०५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यात गल्लियोचं नाव आहे, आणि कैसराच्या किताबांवरून त्याचं सालही काढता येतं. त्यामुळे गल्लियो करिंथात इ.स. ५१–५२ च्या सुमारास होता हे ठरलं. पौलाच्या अख्ख्या आयुष्याच्या तारखा या एका खुंटीला बांधल्या जातात.

तिसरा दगड १९६१ मध्ये कैसरियाच्या जुन्या नाट्यगृहात मिळाला. त्यावर पंतय पिलाताचं नाव.

लूक ३:१–२ वाचताना आपण ती नावं घाईने संपवतो. तिबिर्य कैसराचं पंधरावं वर्ष, पिलात, हेरोद, फिलिप्प, लुसनिय, हन्ना, कयफा. संडे स्कूलमध्ये आम्ही ती एका श्वासात म्हणायची पैज लावायचो. पण लूक तिथे तारीख घालतो आहे. हे कोणे एके काळी घडलं नाही, अमक्या राजाच्या अमक्या साली, अमका अधिकारी असताना घडलं, असं तो सांगतो. जो माणूस तारीख घालतो, तो दुसऱ्याला तपासायला बोलावतो. खोटं बोलणारा शक्यतो तारीख टाळतो.

आणि जिथे जुळत नाही तिथे?

इथपर्यंत सगळं छान. आपण प्रवचनांत इथेच थांबतो. पण भाच्याची अडचण याच्या पुढे होती, म्हणून मीही थांबत नाही.

लूक २:२ म्हणतो की ही नावनिशी क्विरिनिय सूरियाचा सुभेदार असताना झाली. जोसेफसच्या लिखाणाप्रमाणे क्विरिनिय सूरियाला आला आणि त्याने यहूदियात नावनिशी केली ती इ.स. ६ मध्ये. लूक १:५ आणि मत्तय दोन्ही सांगतात की हे सगळं हेरोद राजाच्या काळातलं, आणि हेरोद मेला तो सामान्यतः इ.स.पूर्व ४ मध्ये धरतात. मध्ये जवळजवळ दहा वर्षांचं अंतर. कोणी म्हणतात, आधी एक नावनिशी झाली असेल. कोणी म्हणतात, 'पहिली' या शब्दाचा अर्थ तिथे 'आधीची' असा घ्यावा. यांतलं एकही उत्तर सर्वांना पटलेलं नाही.

कृत्ये ५:३६ मध्ये गमलियेल थुदासाच्या बंडाचा दाखला देतो, आणि त्याच्या नंतर गालीलकर यहूदाचा. जोसेफसच्या हिशोबाने थुदासाचं बंड फादस सुभेदाराच्या काळचं, म्हणजे इ.स. ४४ ते ४६ मधलं, गमलियेलाच्या या भाषणाच्या दहाएक वर्षांनंतरचं. यहूदाचं बंड तर त्याच्या कितीतरी आधीचं. जोसेफस चुकला, लूक चुकला, की थुदास दोन होते? गाठ सुटलेली नाही.

आता तिसरं उदाहरण, मला सर्वांत आवडणारं. दिमिष्काच्या वाटेवर पौलाला प्रभू भेटला ही गोष्ट लूक एकाच पुस्तकात तीनदा सांगतो: अध्याय ९, २२ आणि २६. नवव्यात सोबतचे लोक उभे राहतात, त्यांना वाणी ऐकू येते, दिसत कोणी नाही. बाविसाव्यात त्यांना प्रकाश दिसतो, पण बोलणाऱ्याची वाणी ऐकू येत नाही. सव्विसाव्यात सगळेच जमिनीवर पडतात. बायबलवर टीका करणारे हे मोठ्या उत्साहाने दाखवतात. मी म्हणतो, लेखक एक, पुस्तक एक, आणि त्याला हे दिसलं नसेल? एका दुपारी बसून तिन्ही सारखे करता आले असते. त्याने ते केलं नाही. माणूस आपली साक्ष जमावापुढे, राजापुढे आणि घरात वेगवेगळी सांगतो, आणि लूकने ती तशीच राहू दिली.

आमच्या घरातलं एक पान

हे सगळं मला इतकं का लागलं, ते आता सांगतो.

यंदा आमच्या मंडळीने स्मरणिका काढायचं ठरवलं आणि जुन्या कुटुंबांच्या हकीकती लिहायचं काम माझ्याकडे आलं. चांद्यात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीचं मिशन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलं, आणि आमच्यासारखी काही घरं त्या काळापासूनची. आमच्या घरची गोष्ट मला तोंडपाठ होती. माझ्या आईची आजी, म्हणजे माझी पणजी, १८९९–१९०० च्या मोठ्या दुष्काळात वैनगंगेपलीकडून आली. तिच्या बापाने तिला खांद्यावर बसवून नदी ओलांडली. नदीत पाणी घोट्याएवढं. मूलपर्यंत आला आणि तिथे रस्त्यातच त्याने प्राण सोडला. कोणा गाडीवाल्याने पोरीला उचलून चांद्याच्या मिशन बंगल्यावर आणून सोडलं. आईने हे तिच्या आजीच्या तोंडून ऐकलं होतं, आम्ही आईच्या तोंडून.

बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही पाहायला मिळाली. पानं पिवळी, शाई फिकट, अक्षर मात्र सुंदर. पणजीचं नाव सापडलं. वय अंदाजे आठ, साल १९०२. बापाचं नाव. गाव वैनगंगेपलीकडचं. आणि त्या पुढे इंग्रजीत एकच शब्द, ज्याचा अर्थ: हयात.

मी ते पान किती वेळ पाहत बसलो कोण जाणे. बाप मूलला मेला नव्हता. १९०२ मध्ये तो जिवंत होता, आणि लिहिणाऱ्याला ते माहीत होतं. मग त्याने पोरीला सोडून दिलं होतं का? परत न्यायला आलाच नाही का? आमच्या घरात चार पिढ्या ज्या बापाच्या नावाने डोळे पुसले, तो घरी परत गेला होता?

एक मन म्हणालं, पान मिटव. स्मरणिकेत जुनीच गोष्ट छाप. आईचं वय शहाऐंशी, तिला हे सांगून काय मिळवशील? नातेवाइकांतल्या एका वडीलधाऱ्यांना विचारलं तर ते चिडलेच. म्हणाले, "साहेबाच्या कारकुनाने चुकून लिहिलं असेल. आपल्या माणसांपेक्षा वही खरी झाली का?"

नेमका त्याच आठवड्यात भाच्याचा फोन आला होता. आणि लूकची चार वचनं समोर उघडी होती. बारकाईने माग काढला, असं लूक म्हणतो. पेत्राने कोंबड्याआधी केलेला नकार त्याने लपवला नाही. पौल आणि बर्णबा यांचं कडाक्याचं भांडण होऊन दोघे वेगळे झाले, तेही कृत्ये १५:३९ मध्ये लिहिलं. मंडळीच्या दोन आदरणीय माणसांचं भांडण! स्मरणिकेच्या समितीने ते नक्की गाळलं असतं.

मी आईला सांगितलं. संध्याकाळची वेळ, ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, उगाच सांगितलं.

मग म्हणाली, "मंग तो मेला असं आजीनं कायले सांगतलं असन?"

प्रियांनो, आमच्या अंगणात बसून आईने जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न त्या वर्गात टेबलाभोवती विचारतात. गोष्ट खोटी की खरी एवढ्यावर न थांबता, ती अशी का सांगितली गेली, कोणी, कोणासाठी? पोरीने रोज फाटकाकडे डोळे लावून बसू नये म्हणून कोणी तिला तसं सांगितलं असेल. किंवा तिनेच लहानपणी तसं ठरवलं असेल, कारण जिवंत बाप येत नाही यापेक्षा मेलेला बाप सोसवतो. किंवा खरंच नोंद चुकली असेल. मला कळलेलं नाही. ती पोर अन्नाविना मेली नाही, वाढली, शिकली, आणि मरेपर्यंत देवाला 'बापा' म्हणून हाक मारत राहिली, एवढं मात्र वहीही सांगते आणि आईही सांगते.

स्मरणिकेत मी दोन्ही छापलं. वर घरची गोष्ट, जशी ऐकली तशी. खाली नोंदवहीतली नोंद, जशी वाचली तशी. चिडलेले नातेवाईक अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यांच्यासाठी मी प्रार्थना करतो आहे.

चार कशाला, एकच का नको?

इ.स. १७० च्या सुमारास तातियन नावाच्या माणसाने चारही शुभवर्तमानं मिळवून एकच सलग पुस्तक केलं, 'दियातेस्सरोन'. वाचायला सोपं, कुठे विसंगती नाही. सिरियाकडच्या मंडळ्यांत ते दोन-अडीचशे वर्षं वाचलंही गेलं. पण शेवटी मंडळीने चार पुस्तकंच ठेवली. मत्तयची वंशावळ आणि लूकची वंशावळ जुळत नाही हे त्या लोकांनाही दिसत होतं. त्यांनी साक्षीदारांना एकमेकांची नक्कल करायला लावलं नाही.

गावात चार साक्षीदार शब्दाला शब्द जुळवून बोलले तर फौजदाराला आधी कोणता संशय येतो? पढवून आणलेत हाच ना?

लूक १:४ मध्ये 'पक्केपणा' या अर्थी जो ग्रीक शब्द आहे, 'आस्फालेइआ', त्याचा मूळ अर्थ पाय न घसरणं. हाच शब्द लूक कृत्ये ५:२३ मध्ये वापरतो, तुरुंगाचं दार पक्कं बंद असल्याबद्दल. थियफिलला लूकने सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली नाहीत. त्याने त्याला पाय ठेवायला जागा दिली. पावसाळ्यात नाल्यातून जाताना प्रत्येक दगड हलत नाही असं कुठे असतं? एखादा हलतो. पण आपण पलीकडे जातो, कारण पुरेसे दगड पक्के आहेत. मेलेला येशू उठला आणि त्याने आपल्या लोकांना पुष्कळ प्रमाणांनी जिवंत असल्याचं दाखवलं, हे कृत्ये १:३ सांगतं. तो मोठा खडक आहे. क्विरिनियचं साल हा त्या वाटेवरचा एक हलणारा दगड. तो हलतो हे मान्य करायला मला आता भीती वाटत नाही.

नाताळचं प्रवचन

भाच्याला मी पाळकसाहेबांकडे नेलं नाही. फोनवर फक्त म्हटलं, "दुसरं वचन गाळू नको. वाच."

नाताळच्या सकाळी त्याने पूर्ण भाग वाचला, क्विरिनियसकट. प्रवचनात तो म्हणाला की या नावनिशीचं साल अभ्यासकांना अजून जुळवता आलेलं नाही, मलाही आलेलं नाही. एवढंच, दोन वाक्यांत. पुढे म्हणाला, कैसराने सगळ्या जगाची मोजणी करायला घेतली, आणि ज्याला उतारशाळेत जागा मिळाली नाही त्याला कोणी मोजलंच नसेल. लूकने मात्र त्याची नोंद ठेवली.

माझी आई पहिल्या बाकावर बसली होती. घरी परतताना रिक्षात ती म्हणाली, "पोरगा बरा बोलला." तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

उपासनेनंतर दोघांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की असल्या शंका वेदीवरून बोलू नयेत, नव्या लोकांचा विश्वास डळमळतो. त्यांची काळजी खोटी नाही. त्यांना मी प्रेमाने एवढंच सांगेन: आपल्या मुलांच्या हातात मोबाईल आहे. क्विरिनियचं नाव त्यांना तिथे भेटणारच आहे. ते आधी मंडळीत भेटलेलं बरं, की बाहेर?

आज आपल्यासाठी

१. आज लूक १:१–४ मोठ्याने वाचा. 'बारकाईने' या शब्दापाशी थांबा. देवाच्या कामात बारकाई ही सेवा आहे. मंडळीचा हिशोब लिहिणारा, नोंदवही सांभाळणारा, आजाऱ्याची नीट चौकशी करणारा, हे सगळे लूकच्या वंशातले.

२. तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा. ते विश्वासात कसे आले, हे विचारा आणि लिहून ठेवा. आधी नुसतं ऐका. चूक काढायची घाई नको.

३. शास्त्र वाचताना एखादा प्रश्न बरीच वर्षं दाबून ठेवला असेल, तर तो कागदावर लिहा आणि प्रार्थनेत देवापुढे ठेवा. तो रागावत नाही. थोमाला त्याने जखमा दाखवल्या.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, लूकसारखा मेहनती माणूस तू आम्हाला दिलास म्हणून तुझे उपकार मानतो. आमच्या आळसाला श्रद्धेचं नाव देण्यापासून आम्हाला राख. जे कळलं ते धैर्याने सांगू दे, जे कळलं नाही ते नम्रपणे कबूल करू दे. दूरच्या सेमिनऱ्यांत शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींना सांभाळ. त्यांचे प्रश्न ऐकायला आम्हाला कान दे. ज्या लेकरांना बापाने कुठल्याही कारणाने मागे सोडलं, त्या सर्वांचा तू बाप हो, जसा माझ्या पणजीचा झालास. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

उद्याचा शास्त्रपाठ: लूक १:५–२५. जखऱ्याचा प्रश्न आणि त्याची मुकी झालेली जीभ. भेटू या, प्रभूची इच्छा असेल तर.